रामकुंडापर्यंत गोल्फ कार्ट आली तर? कायदा काय म्हणतो आणि माथेरान काय शिकवतं

नाशिकमध्ये कुणी 'गोल्फ क्लबला चाललोय' म्हटलं, तर तो गोल्फ खेळायला चाललेला नसतो. तो पायात बूट घालून जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारायला चाललेला असतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्या मैदानाचं खरं नाव. तिथे रणजीचे सामने झालेत, सभा झाल्यात, पण गोल्फ काही दिसत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

गोल्फ कार्टचंही तसंच झालंय. ही गाडी बनली गोल्फच्या मैदानावर फिरण्यासाठी, पण आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली ती भलत्याच ठिकाणी. कुणी रिसॉर्टमध्ये, कुणी मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात, कुणी रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर. ताजमहालच्या जवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे, त्यामुळे तिथे शिल्पग्रामच्या पार्किंगपासून पूर्व दरवाजापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आणि गोल्फ कार्ट पर्यटकांना सोडतात. अयोध्येतही भाविकांसाठी गोल्फ कार्ट सुरू झाल्या.

मग साहजिकच प्रश्न पडतो, की हे नाशिकमध्ये का नको?

मलाही पडला होता. गेल्या श्रावणात आजीला घेऊन रामकुंडावर गेले होते. आजी निफाडची, वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. गर्दीमुळे रिक्षावाल्या काकांनी मालेगाव स्टँडच्या अलीकडेच हात वर केले. तिथून पुढचं अंतर तसं काहीच नाही, तरण्या माणसाला पाच-सात मिनिटं. आम्हाला चाळीस मिनिटं लागली. चार वेळा बसलो, दोन वेळा दुचाकीच्या हँडलपासून आजीचा हात वाचवला. शेवटी आजी म्हणाली, "घरापासून इथवर आले तेवढ्यात दमले नाही, ते या एवढ्याशा बोळात दमले बघ."

तो एवढासा बोळ, म्हणजे गाडी थांबते तिथून देवाच्या दारापर्यंतचं अंतर, हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. तिथे छोटी, हळू चालणारी, धूर न सोडणारी गाडी असावी असं कुणालाही वाटेल. पण ती गाडी रस्त्यावर आणायची तर नेमकं काय करावं लागतं? हेच आज सविस्तर बघू.

आधी बघू, कायद्याच्या लेखी गोल्फ कार्ट म्हणजे काय?

इथेच पहिली गंमत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं ते सांगितलंय. यंत्राच्या जोरावर चालणारं आणि रस्त्यावर वापरण्यासारखं जे काही आहे, ते मोटार वाहन. मग ते पेट्रोलवर चालो नाहीतर बॅटरीवर. पण त्याच कलमात काही गोष्टी वगळल्यात. रुळांवर चालणारी गाडी मोटार वाहन नाही. आणि फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास प्रकारची गाडीसुद्धा मोटार वाहन नाही.

गोल्फ कार्ट आजवर निवांत फिरत आली ती या शेवटच्या ओळीच्या आधारावर. रिसॉर्टच्या कुंपणाच्या आत तिला नंबर प्लेट नसते, आरटीओचं पासिंग नसतं आणि तरी कुणी अडवत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती तिथे मोटार वाहनच नाही.

पण तीच गाडी फाटकातून बाहेर आली की चित्र बदलतं. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, वेगही तोच, पण आता ती बंदिस्त आवारात नाही. मग तिला नोंदणी लागते, चालवणाऱ्याला लायसन्स लागतं, विमा लागतो. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसेल तर २ हजार रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी देऊन त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या सोसायटीतले रस्ते तर खासगी आहेत. इथेही एक मेख आहे. याच कायद्यात 'सार्वजनिक जागा' कशाला म्हणायचं तेही दिलंय, कलम २(३४) मध्ये. जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा सार्वजनिक. म्हणजे रस्ता कुणाच्या मालकीचा आहे एवढ्यावरच सगळं ठरत नाही, तिथे ये-जा कुणाची आहे हेही बघितलं जातं. मंदिराचं पटांगण, घाट, मोठ्या टाउनशिपचा आरपार जाणारा रस्ता, अशा ठिकाणी 'आमचं खासगी आवार आहे' हा दावा टिकेलच असं नाही.

पण बॅटरीवरच्या गाडीला नंबर लागत नाही ना?

हा गैरसमज भरपूर पसरलाय आणि त्याला कारणही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये अगदी हलक्या बॅटरी गाड्यांना सूट आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, असं चाचणी संस्थेने तपासून सांगितलं तर ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. बिनानंबरच्या ज्या इलेक्ट्रिक स्कूटी दिसतात, त्या या सवलतीवर चालतात.

गोल्फ कार्ट यात बसत नाही. चार-सहा माणसं ओढायची तर मोटर काही हजार वॅटची लागते आणि गाडीचं वजन काही शे किलो भरतं. त्यामुळे वेग कमी असला तरी सूट नाही.

मग ई-रिक्षाच्या नियमात बसते का? तिथेही नाही. २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्यात कलम २अ घातलं आणि ई-रिक्षाला कायद्यात जागा दिली. पण त्यात ई-रिक्षा म्हणजे ४ हजार वॅटपर्यंतची, भाड्याने चालणारी, तीन चाकांची गाडी असं स्पष्ट लिहिलंय. गोल्फ कार्टला चाकं चार.

म्हणजे गोल्फ कार्ट मधल्या मध्ये लटकते. सवलतीसाठी ती फार मोठी आणि ई-रिक्षा व्हायला तिला एक चाक जास्त. चार चाकांच्या हलक्या गाडीसाठी आपल्याकडे 'क्वाड्रिसायकल' नावाचा वर्ग आहे. बजाजची क्यूट ही त्यातली गाडी, आणि २०१८ मध्ये केंद्राने असल्या गाड्यांना खासगी वापरासाठीही मान्यता दिली. पण त्या वर्गात जायचं म्हणजे कंपनीला आपलं मॉडेल आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ब्रेक, दिवे, आरसे, इंडिकेटर सगळं तपासलं जातं. रिसॉर्टसाठी बनवलेली गाडी विकत घेतली, तिला पुढे 'भाविकांच्या सेवेसाठी' असा बोर्ड लावला आणि आणली रस्त्यावर, असं होत नाही.

आता एवढी कागदपत्रं कशाला?

ताशी १५ किलोमीटरने चालणाऱ्या गाडीला एवढा ताप का द्यायचा, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर दिल्लीत आहे.

२०१०च्या आसपास दिल्लीत ई-रिक्षा धडाधड वाढल्या. नंबर नाही, लायसन्स नाही, विमा नाही. गरीब माणसाला रोजगार मिळतोय, प्रवाशाला स्वस्तात सोय होतेय, म्हणून सगळ्यांनी कानाडोळा केला. जुलै २०१४ मध्ये त्रिलोकपुरीत एका ई-रिक्षाचा धक्का एका आईला लागला. तिच्या कडेवरचं बाळ शेजारच्या मिठाईच्या दुकानातल्या उकळत्या पाकाच्या कढईत पडलं आणि दगावलं.

त्यानंतर ३१ जुलै २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षांवर बंदी घातली. त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता तो विम्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे गाडीने तिसऱ्याच माणसाला इजा केली तर भरपाई विमा कंपनी देते. पण गाडीची नोंदणीच नसेल तर विमा कुठून येणार? आणि विमा नसेल तर ज्याचं रोजचं पोट रोजच्या कमाईवर आहे, तो ड्रायव्हर लाखोंची भरपाई कुठून देणार?

बंदीनंतर एका फटक्यात हजारो चालकांचा रोजगार अडकला. मग ८ ऑक्टोबर २०१४ ला केंद्राने नियम काढले. जास्तीत जास्त ४ प्रवासी, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. चालकाला किमान १० दिवसांचं प्रशिक्षण. पुढच्या वर्षी कायदाच बदलला.

थोडक्यात सांगायचं तर आधी गाड्या आल्या, मग अपघात झाला, मग बंदी आली आणि मग नियम आले. नेमका उलटा क्रम. याची किंमत मोजली ती एका कुटुंबाने आणि हातावर पोट असलेल्या चालकांनी.

आता येऊ माथेरानकडे

महाराष्ट्रात 'छोट्या बॅटरी गाड्यांना रस्त्यावर येऊ द्यायचं का' हा वाद सगळ्यात जास्त गाजला तो माथेरानमध्ये. तिथे आलेल्या गाड्या गोल्फ कार्ट नाहीत, तीन चाकी ई-रिक्षा आहेत. पण प्रश्न तेच आहेत आणि तिथे त्यांची उत्तरं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शोधावी लागली.

रायगड जिल्ह्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी मोटारगाड्यांना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर लावायची आणि पुढे चालत, घोड्यावर, मिनी ट्रेनने किंवा हातरिक्षाने जायचं. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राने माथेरानला पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर बाकी मोटारी बंद.

यातली हातरिक्षा म्हणजे काय, तर लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढतो, एक-दोन जण मागून ढकलतात आणि आत बसलेला माणूस डोंगर चढतो. अशा ९४ परवानाधारक हातरिक्षा. या हातरिक्षाचालकांच्या संघटनेनेच मागणी केली, की आम्हाला ई-रिक्षा द्या.

दुसऱ्या बाजूने विरोध होता. घोडेवाल्यांचं म्हणणं, की आमचा धंदा बसेल. पर्यावरणवाद्यांचं म्हणणं, की आज ई-रिक्षा येईल, उद्या तिच्यासाठी पेव्हर ब्लॉक येतील, परवा मोटारी येतील. दोन्ही भीती खोट्या नव्हत्या.

१२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवायला परवानगी दिली. ५ डिसेंबर २०२२ ला ७ ई-रिक्षांनी ३ महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, आजारी माणसं, सगळ्यांची सोय झाली. सोय होते का, या प्रश्नाचं उत्तर तीन महिन्यांत मिळालं.

खरा वाद त्यापुढचा होता, गाड्या चालवणार कोण? ठेकेदार, नगरपालिका की ज्यांच्या हातातली रिक्षा जाणार तो माणूस? जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ई-रिक्षा सध्याच्या हातरिक्षाचालकांनाच द्या, कारण रोजगार त्यांचा जातोय. सुरुवातीला संख्या २० वर ठेवली. त्या वाटपावरूनही पुन्हा तक्रारी झाल्या.

शेवटी ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत राज्यघटनेतल्या प्रतिष्ठेच्या हक्काशी विसंगत आहे, ती ६ महिन्यांत बंद करा. १९८० मध्ये पंजाबातल्या सायकल रिक्षाचालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाची आठवणही खंडपीठाने करून दिली. मार्ग म्हणून गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं. तिथे स्टॅच्यू ऑफ युनिटीच्या परिसरात स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला दिल्या जातात. माथेरानमध्येही खरे हातरिक्षाचालक कोण ते ठरवा, त्यांना गाड्या द्या, उरलेल्या आदिवासी महिला आणि इतर गरजूंना द्या आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका, असं सरकारला सुनावलं.

या सगळ्यात गाडीची बॅटरी, मोटर, वेग यावर झालेली चर्चा कमी आणि परवाना कुणाला यावर झालेली चर्चा जास्त. नाशिकने हे लक्षात ठेवायला हवं.

बाहेरच्या देशांत काय करतात?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. तिथे घरटी गोल्फ कार्ट असल्यासारखी परिस्थिती आहे. पोरं शाळेत, आजोबा दुकानात, सगळे कार्टनेच. पण यामागचं कारण समजून घ्या. तिथे कार्ट आणि पायी चालणाऱ्यांसाठी सुमारे १६० किलोमीटरचे वेगळे रस्ते बांधलेत. ट्रकच्या शेजारून कार्ट चालवायची वेळच कमी येते.

जिथे कार्ट मुख्य रस्त्यावर येते तिथे नियम कडक होतात. १९९८ मध्ये अमेरिकेने 'कमी वेगाची गाडी' असा वेगळा वर्गच तयार केला. ताशी साधारण ३२ ते ४० किलोमीटर वेग असलेल्या चार चाकी गाडीला हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, समोरची काच आणि सीटबेल्ट सक्तीचे केले. त्याहून हळू चालणाऱ्या साध्या गोल्फ कार्टचा निर्णय राज्यांवर आणि गावांवर सोडला. फ्लोरिडात कार्ट चालवणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०२३ मध्ये तिथे १८ वर्षांखालच्यांना लायसन्स किंवा लर्निंग परमिट सक्तीचं झालं.

दुसरं टोक म्हणजे स्वित्झर्लंडमधलं झरमॅट. या डोंगराळ गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. रस्त्यावर दिसतात त्या छोट्या, डब्यासारख्या इलेक्ट्रिक गाड्या. टॅक्सीही तीच, हॉटेलची गाडीही तीच. तिथे छोट्या गाडीला मोठ्या गाडीची भीती नाही, कारण मोठी गाडी गावात येतच नाही.

दोन्ही ठिकाणांचं सूत्र एकच. छोटी गाडी चालवायची असेल तर मोठ्या गाड्यांपासून तिला वेगळं काढा. एक तर वेगळा रस्ता द्या, नाहीतर मोठ्या गाड्या बाहेर थांबवा.

आपल्याकडेही याचं उदाहरण आहे. अजिंठ्याला गेलात की आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावायची आणि पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसने जायचं. आधी खासगी गाड्या बाहेर थांबवल्या, म्हणून ती सोय चालली.

मग नाशिकमध्ये हे कसं जमेल?

नाशिकला या विषयाची घाई आहे कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला अमृतस्नान, त्र्यंबकेश्वरला तिसरं स्नान १२ सप्टेंबरला, असं वेळापत्रक जाहीर झालेलं आहे. देशभरातून येणाऱ्यांमध्ये आजीसारखी माणसं भरपूर असणार.

पण इथे एक साधा हिशोब मांडून बघू. सहा सीटची कार्ट धरली तर ड्रायव्हर सोडून ५ प्रवासी. अंतर एक किलोमीटर. गर्दीत गाडी माणसाच्या चालीनेच जाणार, म्हणजे जायला १० मिनिटं, यायला १० मिनिटं, चढ-उतार करायला दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटं. एका फेरीला अर्धा तास. तासाला २ फेऱ्या, म्हणजे १० माणसं. २० कार्ट आणल्या तर तासाला २००. दिवसात १२ तास सलग चालवल्या तर २,४००.

सिंहस्थाची गर्दी लाखांत मोजतात. म्हणजे गोल्फ कार्ट हे गर्दीवरचं उत्तर होऊच शकत नाही. त्यासाठी बाहेरचं पार्किंग आणि तिथून बस हाच मार्ग आहे. २०१५ च्या सिंहस्थातही एसटीच्या बसने तेच केलं होतं. पण रोजच्या २,४०० म्हाताऱ्या, अपंग, गरोदर, आजारी माणसांसाठी मात्र ही मोठी सोय आहे. कार्ट सगळ्यांसाठी ठेवली तर धडधाकट माणसं आधी चढणार आणि आजी परत पायीच राहणार.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ३० पेक्षा जास्त भाविक गेले. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या त्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. रस्ता अरुंद, वर उतार, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वाडे. अशा गल्लीत ऐन गर्दीत काही शे किलोची गाडी अडकली तर ती गाडी राहत नाही, ती भिंत होते. आणि बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे पुढच्या माणसाला मागून गाडी आल्याचं कळतही नाही. म्हणून अमृतस्नानाच्या दिवशी या गल्ल्यांत कार्ट नको म्हणजे नको. त्या दिवशी व्हीलचेअर, स्ट्रेचर आणि स्वयंसेवक हेच बरे.

तिसरा मुद्दा रिक्षावाल्यांचा. पंचवटी कारंजा, निमाणी, शालिमार, रविवार कारंजा या भागात हजारो घरं रिक्षावर चालतात. महापालिकेने किंवा एखाद्या ठेकेदाराने कार्ट आणून शेवटचं भाडं उचललं, तर भांडण ठरलेलं. माथेरानचा धडा इथे लागू होतो. चालक याच भागातले घ्या. शिवाय राज्य सरकारची पिंक ई-रिक्षा योजना आहे. त्यात गाडीच्या किमतीचा २० टक्के वाटा सरकारचा, १० टक्के लाभार्थी महिलेचा आणि ७० टक्के कर्ज, आणि योजनेच्या शहरांमध्ये नाशिकचं नाव आहे. ई-रिक्षाला कायद्यात जागा आहेच. मग चार चाकी कार्टच हवी का, की घाटाच्या वाटेसाठी याच ई-रिक्षा वापरता येतील, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा.

परवानगी कोण देऊ शकतं?

महापालिका गाडी विकत घेऊ शकते, पण कायद्यातून सूट देऊ शकत नाही. गाडी रस्त्यायोग्य आहे हे चाचणी संस्था ठरवते आणि नंबर आरटीओ देतं. २०१६ मध्ये केंद्राने ई-रिक्षांना आणि २०१८ मध्ये बॅटरीवरच्या सगळ्याच प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना परमिटमधून सूट दिली. पण परमिट नको याचा अर्थ नोंदणी, फिटनेस आणि विमा नको असा होत नाही.

कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी येईल, हे मात्र इथल्या इथे ठरवता येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ राज्य सरकारला आणि सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना ठरावीक रस्त्यांवर गाड्यांना बंदी किंवा बंधन घालायची मुभा देतं. बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्रात अधिसूचना काढायचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली तरी चालतं. म्हणजे एका महिन्याचा प्रयोग करून बघायला कायदा आडवा येत नाही.

आता नाशिकसाठी नियम लिहायला बसलो, तर निदान एवढ्या गोष्टी कागदावर हव्यात.

एक, मार्ग ठरलेला हवा आणि त्या मार्गावर त्या वेळेत दुचाकीसकट बाकी गाड्या बंद हव्यात. नुसती कार्ट सोडली आणि दुचाकी तशाच राहिल्या तर गर्दीत एका गाडीची भर पडेल, एवढंच.

दोन, प्रत्येक गाडीला नंबर, विमा आणि फिटनेस हवा. ठेकेदार बदलला तरी विमा चालू आहे का, हे बघणारा एक अधिकारी नावानिशी नेमलेला हवा.

तीन, वेगाची मर्यादा गाडीतच बसवलेली हवी. बोर्डावर लिहिलेला वेग कुणी पाळत नाही, हे आपल्याला माहिती आहे. घाटाकडचा उतार बघता ब्रेकची तपासणी रोज सकाळी हवी.

चार, बसायचा पहिला हक्क कुणाचा हे ठरलेलं हवं आणि त्यांच्यासाठी भाडं नाममात्र किंवा शून्य हवं.

पाच, चालक स्थानिक हवेत, लायसन्सवाले हवेत, आणि त्यांना गर्दीत गाडी कशी चालवायची याचं वेगळं प्रशिक्षण हवं.

सहा, गर्दी किती वाढली की कार्ट बंद करायची, हे आधीच ठरलेलं हवं. ऐनवेळी फोनाफोनी करून ते ठरत नसतं.

यातली एकही गोष्ट महागडी नाही. सगळ्या गोष्टी गाडी यायच्या आधी करायच्या आहेत, एवढीच अडचण आहे. दिल्लीत त्या नंतर केल्या. माथेरानमध्ये एका परवानगीसाठी आणि तिच्या वाटपासाठी वर्षानुवर्षं कोर्टात गेली.

उद्या पंचवटीत पांढरीशुभ्र गोल्फ कार्ट उभी राहिली, हार घातला, नारळ फुटला, फोटो निघाले, तर चांगलंच आहे. फक्त तुमच्या घरच्या आजीला तिच्यात बसवण्याआधी गाडीच्या मागे जाऊन एकदा बघा, नंबर प्लेट आहे का. असेल, तर बहुतेक गोष्टी कुणीतरी नीट विचार करून केल्यात असं समजा. नसेल, तर आजीला म्हणावं, थांब, जरा बसू इथे, आणि मग चालू.